विश्लेषण : आक्रमण की बचाव? एनबीएतील संघबांधणीचे गणित डॅलसला का चुकले?

‘सामने आक्रमण जिंकून देते, अजिंक्यपद मात्र बचाव’ हे क्रीडाविश्वातील जुने सुभाषित. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग ‘एनबीए’मधील डॅलस मॅव्हरिक्स संघाचे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी त्यावर भिस्त ठेवली. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी लुका डॉन्चिच हा अवघ्या २५ वर्षांचा हुकमी खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला. नऊ महिन्यांनी, ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, हॅरिसन यांनाच पद गमवावे लागले. त्या दिवशी नव्या हंगामातील ११ सामन्यांपैकी ३ विजय आणि ८ पराभव अशी डॅलसची स्थिती होती. मग बचाव महत्त्वाचा नसतोच का? की हॅरिसन यांनी बचावाचा अर्थच चुकीचा लावला? एनबीएतील गेल्या काही वर्षांच्या संघबांधणीकडे पाहिल्यास याची उत्तरे मिळतात.

डॅलसमध्ये नेमके काय घडले?

डॉन्चिच २०२३-२४च्या हंगामात सरासरी ३३.९ गुणांसह एनबीएत सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला होता. त्याच हंगामात त्याने डॅलसला अंतिम फेरीपर्यंत नेले. तेथे बॉस्टन सेल्टिक्सने डॅलसला ४-१ असे हरवले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत डॅलसने डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले. मोबदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि लेकर्सची २०२९मधील पहिल्या फेरीतील निवड, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क, डॅलसला मिळाला.

डेव्हिस हा बास्केटजवळ भिंतीसारखा उभा राहणारा, लीगमधील अव्वल बचावपटूंपैकी एक. मात्र तेव्हा त्याचे वय ३१ होते आणि दुखापतींचा इतिहास मोठा होता. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात त्याने २६ गुण मिळवले आणि त्याच सामन्यात तो जखमी झाला. त्या नियमित हंगामात तो डॅलसकडून केवळ ९ सामने खेळला. मार्चच्या सुरुवातीला कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. चेंडू हाताळून आक्रमण रचणारा संघातील उरलेला एकमेव मोठा खेळाडूही त्यामुळे बाहेर गेला. ३९ विजय आणि ४३ पराभव अशा कामगिरीनंतर डॅलसला बाद फेरीही गाठता आली नाही. घरच्या मैदानावर हॅरिसन यांना हटवण्याच्या घोषणा नित्याच्या झाल्या. एप्रिलमध्ये लेकर्सच्या पोशाखात डॅलसला परतलेल्या डॉन्चिचने ४५ गुण मिळवले आणि जखमेवर मीठ चोळले गेले.

हॅरिसन यांचा युक्तिवाद अगदीच निराधार होता का?

नव्हता. बचाव अजिंक्यपदे जिंकून देतो आणि बचावाची वृत्ती असलेला डेव्हिस संघाची शक्यता वाढवेल, अशी भूमिका त्यांनी व्यवहारानंतर जाहीरपणे मांडली होती. डॉन्चिचच्या तंदुरुस्तीबद्दल संघात चिंता असल्याच्या बातम्याही त्या वेळी आल्या. शिवाय तो डॅलसमध्येच राहिला असता, तर पाच वर्षांच्या सुमारे ३४.५ कोटी डॉलरच्या करारासाठी पात्र ठरणार होता. एवढी रक्कम गुंतवावी का, हा प्रश्न व्यवस्थापनापुढे होता.

मैदानावरही पुरावा होता. २०२४च्या अंतिम फेरीत बॉस्टनने डॉन्चिचच्या बचावातील उणिवेवर सातत्याने बोट ठेवले. त्याच्यासमोर वेगवान खेळाडू आणायचा, त्याला एकट्याला बचाव करायला लावायचा आणि थेट बास्केटकडे मुसंडी मारायची, हे सूत्र बॉस्टनने राबवले. तिसऱ्या सामन्यात शेवटची चार मिनिटे उरली असताना डॉन्चिचचे सहा फाउल पूर्ण झाले आणि त्याला बाकावर बसावे लागले. बॉस्टनने तो सामना १०६-९९ असा जिंकला.

पण याच कहाणीचा दुसरा भाग हॅरिसन विसरले आणि तो त्यांनीच घडवला होता. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी पी. जे. वॉशिंग्टन आणि डॅनियल गॅफर्ड या दोन उपयुक्त खेळाडूंना संघात आणले. नवोदित डेरेक लाइव्हली आणि डेरिक जोन्स ज्युनियर आधीपासून होते. डॉन्चिचच्या बाजूला उंच, चपळ आणि कष्टाळू बचावपटू उभे राहताच डॅलसचा बचाव हंगामाच्या उत्तरार्धात सुधारला आणि संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. म्हणजे डॉन्चिचची उणीव झाकता येते, हे डॅलसनेच सिद्ध केले होते. डॉन्चिच गेल्यावर पडलेले भगदाड मात्र बुजवता आले नाही.

बास्केटबॉलमध्ये निव्वळ बचावपटू किंवा निव्वळ आक्रमक का चालत नाही?

क्रिकेटमध्ये अकराव्या क्रमांकावर येणारा फलंदाज चार धावा करू शकला नाही, तरी गोलंदाज म्हणून तो सामना जिंकून देतो. आयपीएलमध्ये तर २०२३पासून ‘इम्पॅक्ट प्लेयर’ आहे. फलंदाजी झाली की त्या खेळाडूला बाहेर काढून गोलंदाज आत आणता येतो. खो-खोत आक्रमण आणि संरक्षणाच्या पाळ्याच वेगळ्या. बास्केटबॉलमध्ये अशी सोय नाही. मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि चेंडू टाकण्यासाठी फक्त २४ सेकंद मिळतात. चेंडू सुटताच तेच पाच जण धावत दुसऱ्या टोकाला जाऊन बचावाला उभे राहतात. ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चेंडूचा ताबा साधारण १०० वेळा येतो. म्हणजे प्रत्येक पंचक आक्रमण आणि बचाव या दोन्ही परीक्षा जवळपास सारख्याच वेळा देते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कबड्डीचे. दमदार चढाईपटू चढाई संपवून परतला की त्यालाही बचावाच्या साखळीत उभे राहावे लागते. समोरचा हुशार चढाईपटू कच्चा भिडू हेरतो आणि गुण तेथूनच नेतो. बास्केटबॉलमध्ये हीच हेरगिरी आणखी पद्धतशीरपणे चालते. ‘पिक अँड रोल’ या डावपेचात एक आक्रमक खेळाडू चेंडू असलेल्या सहकाऱ्याच्या बचावपटूपुढे भिंत होऊन उभा राहतो. बचाव करणाऱ्यांना आपले गडी अदलाबदल करावे लागतात आणि कच्चा बचावपटू नेमका सर्वांत धोकादायक खेळाडूसमोर येऊन उभा राहतो. भिंत कोणाला करायला लावायची, हे आक्रमण करणारा संघ ठरवतो. त्यामुळे कच्च्या खेळाडूला लपवायला जागा उरत नाही.

मग दोन्ही बाजूंना समान महत्त्व द्यावे का?

वजन समान असले, तरी दोन्हींची रचना वेगळी आहे. संघबांधणीचा खरा पेच येथेच आहे. आक्रमण संघातील सर्वांत बलवान खेळाडूवर उभे राहते. चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे आपण ठरवतो. त्यामुळे एक असामान्य खेळाडू पाचही जणांचे आक्रमण उंचावू शकतो. त्याला रोखायला दोन बचावपटू धावले, की कोणीतरी मोकळा राहतो. त्या मोकळ्या खेळाडूला फक्त चेंडू बास्केटमध्ये टाकता आला पाहिजे.

बचावाचे याच्या उलट. बचावाची ताकद सर्वांत कमकुवत कडीवर ठरते. कोणावर हल्ला करायचा, ही निवड प्रतिस्पर्ध्याची असते. त्यामुळे चार उत्तम बचावपटूंच्या मेहनतीवर पाचवा पाणी फिरवू शकतो. २०२१मधील युटा जॅझचे उदाहरण बोलके आहे. रूडी गोबेर हा त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू युटाकडे होता आणि नियमित हंगामात ५२ विजय, २० पराभवांसह युटा लीगमध्ये पहिला होता. लॉस एंजेलिस क्लिपर्सने मात्र दुसऱ्या फेरीत पाचही खेळाडू लांबून नेम साधणारे उतरवले. युटाचे बाहेरचे बचावपटू वारंवार मागे पडत होते. त्यांच्यामागची भगदाडे बुजवायला गोबेर बास्केटजवळ राहिला की कोपऱ्यातला खेळाडू मोकळा सुटायचा. सहाव्या सामन्यात टेरन्स मॅन या फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूने ३९ गुण मिळवले. २५ गुणांची आघाडी घालवून युटा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला.

म्हणजे एक महान आक्रमक खेळाडू चांगले आक्रमण उभे करू शकतो, पण एक महान बचावपटू चांगला बचाव उभा करू शकत नाही. त्यासाठी पाच-सहा जण लागतात. डॅलसचा सौदा याच ठिकाणी फसला. संघाने आक्रमणाचा एकमेव दुर्मीळ स्रोत दिला आणि बदल्यात बचावाची एक कडी घेतली. ती कितीही मजबूत असली, तरी कडीच होती.

उलट चूक कोणी केली?

मिल्वॉकी बक्सने. यानिस आंतेतोकुंपोच्या या संघाने २०२१मध्ये अजिंक्यपद मिळवले, तेव्हा ज्रू हॉलिडे हा बचावाचा कणा होता. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात शेवटच्या क्षणी त्याने डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू हिसकावला आणि यानिसकडे उंच पास टाकला. त्या विजेतेपदाचे हेच क्षणचित्र अनेकांच्या लक्षात राहिले.

सप्टेंबर २०२३मध्ये मिल्वॉकीने हॉलिडेला सोडून डेमियन लिलार्ड हा लीगमधील अव्वल नेमबाजांपैकी एक घेतला. कागदावर आक्रमण भयावह झाले. पण २०२२-२३मध्ये बचावात चौथा असलेला संघ पुढच्या हंगामात एकोणिसाव्या क्रमांकावर घसरला. प्रशिक्षक एड्रियन ग्रिफिन यांना ३० विजय आणि १३ पराभव अशी कामगिरी असतानाही जानेवारी २०२४मध्ये काढण्यात आले. पुढील दोन्ही वर्षे मिल्वॉकी पहिल्याच फेरीत इंडियाना पेसर्सकडून हरला. यात दुर्दैवही होते. २०२४च्या मालिकेत यानिस जखमी होता आणि २०२५मध्ये लिलार्डच्या टाचेचा स्नायूबंध तुटला. तरी करार संपवण्याची किंमत मोठी होती. जुलै २०२५मध्ये लिलार्डला मुक्त करताना उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांत विभागून फेडण्याचे ओझे संघाने पत्करले.

दरम्यान, हॉलिडे पोर्टलँडमार्गे बॉस्टनला पोहोचला. बॉस्टनमध्ये जेसन टेटम, जेलन ब्राउन, डेरिक व्हाइट आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस होतेच. हे पाचही जण नेम साधू शकत होते आणि पाचांपैकी एकही बचावात कच्चा नव्हता. २०२३-२४मध्ये बॉस्टनचे आक्रमण लीगमध्ये पहिले आणि बचाव पहिल्या तिनांत होता. ६४ विजय मिळवून या संघाने अजिंक्यपद पटकावले. मिल्वॉकीने ज्याला सोडले, त्याच्या येण्याने बॉस्टनची साखळी पूर्ण झाली.

नियमित हंगामात जमलेले बाद फेरीत का फसते?

नियमित हंगामात ८२ सामने होतात. आज एक प्रतिस्पर्धी, परवा दुसरा. प्रत्येकाच्या उणिवांचा अभ्यास करायला वेळ नसतो. बाद फेरीत एकाच संघाशी सलग सात सामन्यांपर्यंत झुंज असते. मग चित्रफिती तपासून कच्चा दुवा शोधला जातो आणि तोच पुन्हा पुन्हा दाबला जातो.

सॅक्रामेन्टो किंग्ज हा संघ मुंबईकरांना ठाऊक आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या मालकीच्या या संघाने ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सराव सामने खेळले होते. भारतात झालेले ते एनबीएचे पहिले सामने. २०२२-२३मध्ये सॅक्रामेन्टोचे आक्रमण लीगमध्ये सर्वोत्तम होते. डॉमान्टास साबोनिस आणि डीआरॉन फॉक्स यांच्या जोरावर या संघाने १६ हंगामांची बाद फेरीची प्रतीक्षा संपवली. बचाव मात्र तळाच्या संघांत मोडणारा होता. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सशी मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि त्यात स्टीफन करीने एकट्याने ५० गुण मिळवले. सॅक्रामेन्टो घरच्या मैदानावर १२०-१०० असा हरला.

ऑर्लँडो मॅजिकची अडचण याच्या नेमकी उलट. २०२४-२५मध्ये बचावात दुसऱ्या क्रमांकावर असलेला हा संघ आक्रमणात सत्ताविसावा होता. तीन गुणांच्या फटक्यांच्या अचूकतेत तर तो तळाला होता. पाओलो बँकेरो आणि फ्रान्झ वाग्नर यांच्या दुखापतींचाही फटका बसला. ४१ विजय आणि ४१ पराभव, त्यानंतर पहिल्या फेरीत बॉस्टनकडून ४-१ असा पराभव, असे या भक्कम बचावाचे फलित. जून २०२५मध्ये ऑर्लँडोने डेस्मंड बेन हा भरवशाचा नेमबाज मिळवण्यासाठी मेम्फिसला दोन खेळाडू, पहिल्या फेरीतील चार निवडी आणि एका निवडीच्या अदलाबदलीचा हक्क दिला. आक्रमण नंतर विकत घ्यायला गेले की बाजारभाव काय असतो, याचा हा नमुना.

ओक्लाहोमा सिटीने काय वेगळे केले?

२०२४-२५चा विजेता ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ क्रम चुकला नाही. २०१९मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवताना महाव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीतील अनेक निवडी मिळवल्या. आक्रमणाचा आधारस्तंभ तेथेच मिळाला. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक निवडीत एक समान धागा दिसतो. खेळाडू लांब हातांचा असावा, त्याला एकाहून अधिक जागी बचाव करता यावा आणि आक्रमणात तो ओझे ठरू नये. जेलन विल्यम्स, चेट होल्मग्रेन, केसन वॉलेस हे याच पठडीतले. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. २०२५मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचाव पंचकात होता.

निर्णायक पाऊल मात्र २०२४च्या उन्हाळ्यात पडले. ५७ विजयांसह पश्चिम विभागात पहिला आलेला हा संघ दुसऱ्या फेरीत डॉन्चिचच्या डॅलसकडूनच ४-२ असा हरला होता. त्या मालिकेत डॅलसने जॉश गिडीला लांबून खुशाल मोकळे सोडले. त्याच्या नेमाची भीतीच नव्हती. त्याच्यावरचा बचावपटू आत सरकून गिल्जस-अलेक्झांडरची वाट अडवत असे. म्हणजे आक्रमणातील एका कच्च्या दुव्यामुळे सर्वोत्तम खेळाडूचीही कोंडी झाली. प्रेस्टी यांनी भावनेला थारा न देता २१ वर्षांच्या गिडीला शिकागोकडे पाठवून तिशीतला बचावपटू अ‍ॅलेक्स करुसो घेतला. उंच आयझाया हार्टनस्टाइनला तीन वर्षांच्या ८.७ कोटी डॉलरच्या करारावर आणले.

पुढच्या हंगामात संघाने ६८ सामने जिंकले. प्रतिसामना सरासरी १२.९ गुणांचे विजयाचे अंतर हा एनबीएतील विक्रम ठरला. बचावात संघ पहिला होता आणि आक्रमणातही आघाडीच्या संघांत होता. प्रतिस्पर्ध्याला चेंडू गमवायला लावण्यात तो सर्वांत पुढे होता आणि स्वतः चेंडू सर्वांत कमी गमावत होता. हिसकावलेल्या चेंडूवर समोरचा बचाव सावरण्याआधीच सोपे गुण मिळतात. त्यामुळे येथे बचाव हीच आक्रमणाची पहिली पायरी होती. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात करुसोला त्याच्याहून बऱ्याच उंच निकोला योकिचसमोर उभे करण्यात आले आणि तो सामना ओक्लाहोमाने १२५-९३ असा जिंकला. अंतिम फेरीत इंडियानावर ४-३ अशी मात झाली. तरीही त्या हंगामात सरासरी ३२.७ गुण मिळवणारा गिल्जस-अलेक्झांडर नसता, तर या बचावाची गत ऑर्लँडोसारखी झाली असती.

पैशांच्या नियमांचा संबंध काय?

थेट आहे. एनबीएत संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. २०२५-२६साठी ती सुमारे १५.४६ कोटी डॉलर आहे. ती ओलांडण्याच्या काही सवलती आहेत, पण सुमारे १८.७९ कोटी डॉलरनंतर संघाला चैनकर भरावा लागतो. २०.७८ कोटी डॉलरपलीकडे ‘दुसरा एप्रन’ नावाची लक्ष्मणरेषा आहे. २०२३च्या वेतन करारातून आलेली ही रेषा ओलांडली, की केवळ दंड होत नाही, हातही बांधले जातात. दोन खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. बाजारातून खेळाडू घेण्याची महत्त्वाची सवलत जाते. भविष्यातील पहिल्या फेरीची निवडही गोठवली जाते.

त्यामुळे दोन्ही टोकांना उत्तम असलेले पाच महागडे खेळाडू फार काळ एकत्र ठेवता येत नाहीत. अजिंक्यपदानंतर वर्षभरातच, २०२५च्या उन्हाळ्यात, बॉस्टनने हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांनाही सोडले. टेटमच्या टाचेची दुखापत हे एक कारण असले, तरी वेतनाचा भार हे मोठे कारण होते. ओक्लाहोमाचे यश विल्यम्स आणि होल्मग्रेन यांच्या नवोदितांच्या स्वस्त करारांवरही उभे होते. दोघांचे पाच वर्षांचे नवे करार २०२६-२७पासून लागू होतील. करार झाले तेव्हा विल्यम्सचा करार २८.७ कोटी डॉलरपर्यंत, तर होल्मग्रेनचा २५ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. त्यापुढच्या वर्षी गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा २८.५ कोटी डॉलरचा करार सुरू होईल. तेव्हा आज बाकावरून येणाऱ्या बचावपटूंपैकी काहींना निरोप द्यावा लागण्याची शक्यता आहे.

आणखी एक नियम डॅलसच्या निर्णयाला अधिकच अवघड ठरवतो. एका खेळाडूला देता येणाऱ्या वेतनावरही मर्यादा असते. अनुभवानुसार नव्या कराराच्या पहिल्या वर्षी ती संघाच्या वेतनमर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के असते. याचा अर्थ डॉन्चिचसारख्या खेळाडूला कमाल वेतन देऊनही त्याच्या मैदानावरील मूल्यापेक्षा कमीच पैसे मोजावे लागतात. खुल्या लिलावात त्याची किंमत याहून कितीतरी जास्त झाली असती. ३४.५ कोटी डॉलरचा आकडा डोळे दिपवणारा असला, तरी या बाजारातील सर्वांत स्वस्त सौदा तोच असतो. बचावाच्या कड्या मात्र मध्यम वेतनात, अदलाबदलीत किंवा ड्राफ्टबाहेरूनही मिळतात. डॉर्ट आणि करुसो या दोघांनाही ड्राफ्टमध्ये कोणी निवडले नव्हते.

आता डॅलस आणि लेकर्सचे काय?

लेकर्ससाठीही हा व्यवहार लगेच फळला असे नाही. डेव्हिस गेल्याने बास्केटजवळची भिंत नाहीशी झाली. एप्रिल २०२५मध्ये मिनेसोटाने पहिल्या फेरीत लेकर्सना ४-१ असे हरवले. शेवटच्या सामन्यात गोबेरने २७ गुण आणि २४ रिबाउंड मिळवले, कारण त्याला अडवणारा तोडीचा उंच खेळाडूच लेकर्सकडे नव्हता. पण उन्हाळ्यात त्यांनी डिआंड्रे एटन हा उंच सेंटर आणि २०२२चा सर्वोत्तम बचावपटू मार्कस स्मार्ट यांना घेतले. हे दोघेही आधीच्या संघांशी करार मोडून मोकळे झालेले होते. त्यांच्यामुळे लेकर्सचा बचाव पुरेसा भक्कम झाला का, हे बाद फेरीतच कळणार होते. पण आधी आक्रमणाचा आधार आणि मग त्याच्याभोवती बचाव, हा क्रम त्यांच्या बाजूने आहे.

डॅलसला नशिबाने हात दिला. केवळ १.८ टक्के शक्यता असताना मे २०२५च्या सोडतीत पहिली निवड मिळाली आणि कूपर फ्लॅगसारखा दोन्ही टोकांना उपयुक्त ठरू शकणारा खेळाडू संघात आला. मात्र अर्व्हिंग गुडघ्यामुळे बाहेर असल्याने प्रशिक्षक जेसन किड यांनी हंगामाच्या सुरुवातीला या १८ वर्षांच्या फॉरवर्डलाच पॉइंट गार्ड म्हणून खेळवले. बचावासाठी संघ बांधताना चेंडू कोण हाताळणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला होता, याची ही कबुलीच. डेव्हिस ऑक्टोबरअखेरीस पिंढरीच्या दुखापतीने बाहेर गेला. हॅरिसन यांच्या जागी नोव्हेंबर २०२५मध्ये मायकल फिनले आणि मॅट रिकार्डी यांच्याकडे तात्पुरती सूत्रे आली. डेव्हिसला ठेवायचे की फ्लॅगच्या वयाला साजेसा तरुण संघ बांधायचा, हा तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला निर्णय होता.

बचाव अजिंक्यपदे जिंकून देतो, हे सुभाषित त्यामुळे खोटे ठरत नाही. बॉस्टन आणि ओक्लाहोमा हे लागोपाठचे दोन्ही विजेते बचावात अव्वल होते. पण त्या दोघांनीही बचाव विकत घेताना आक्रमणाचा आधार विकला नाही. ओक्लाहोमाने गिडीला सोडले, डॅलसने डॉन्चिचला. दोन्ही व्यवहारांचा हेतू बचाव सुधारण्याचाच होता. एकाने कच्चा दुवा बदलला, दुसऱ्याने कणाच काढून दिला.